हळदीच्या पट्ट्या

हमीदाभाभींचं नाव मी आधी लिहिते, मग बाकीचं. पुस्तकांत आभार मानायची जागा कुठेतरी कोपऱ्यात असते आणि तिथपर्यंत कुणी पोचत नाही. मला रसायनशास्त्र कुणी शिकवलं असं लोक विचारतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या बाईला ते विचारणारच. मी म्हणते, हमीदाभाभींनी. मग समोरचा विचारतो, "कुठल्या कॉलेजात शिकवायच्या?" कुठल्याच नाही. नाना पेठेच्या मागच्या एका गल्लीत त्यांच्या सासरचं पिढ्यांपासूनचं रंगकाम होतं. विटलेल्या साड्या, शालू, पागोटी पुन्हा रंगवून द्यायची. भाभी तिथल्या रंगारीण. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. हे ऐकून कुणी हसलं तर मी अजूनही, या वयात, भांडायला उभी राहते. तळहात घामाने ओले होतात, आवाज कापतो, पण मागे हटत नाही. भीती आणि भांडण माझ्यात एकदमच येतात, पहिल्यापासून.

आमचं गाव वर्धा नदीच्या काठचं. तिथून पुण्याला यायचं म्हणजे अख्खा दिवस आणि अख्खी रात्र गाडीत. गावातली शाळा आठवीपर्यंत. आठवी झाली, शाळा संपली. त्यात रडण्यासारखं काही आहे असं घरात कुणाला वाटलं नाही, आणि मी रडले ते शेतात, एकटीनेच. तीन हंगाम कापूस वेचला. मग पुण्याच्या आत्याला मूल झालं. ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला, आतोबा पाळीवर, पोराला बघणार कोण? म्हणून मला आणलं. दोन खोल्या, त्यांतली एक स्वयंपाकाची. सकाळ व्हायची ती स्टोव्हच्या फुसफुसण्याने आणि आत्याच्या "पिन कुठंय, पिन?" या ओरडण्याने. ज्वारीच्या भाकरी, त्यावर ठेचा, क्वचित आंबाडीची भाजी. ती दोघं गेली की घर गप्प व्हायचं आणि भिंतीपलीकडून रंगाऱ्यांच्या अंगणातला आवाज यायचा: तांब्याच्या हंड्यात लाकडी दांडक्याने कापड ढवळल्याचा, जड, घुमणारा. मग ओलं कापड दगडावर आपटल्याचा. आमच्या दारापुढच्या गटाराला रोज नवा रंग असायचा. आत्याचा बाळू बोलायला लागला तो तिथेच: "आत्त लाल", "आत्त निळं". मी त्याला कडेवर घेऊन त्या अंगणाच्या तोंडाशी उभी राहायची. एक दिवस भाभींनी आतून हाक मारली, "अगं, उंबऱ्यावर किती दिवस उभी राहणार? पाय दुखत नाहीत का तुझे?"

आत्याने बजावलं होतं, त्यांच्याकडे बस हवं तर, पण खायचं काही नाही. मी पहिल्याच आठवड्यात खाल्लं. डाळ-मटणाचा दालचा आणि भात होता, वास असा की नाही म्हणवेना. घास तोंडात घातला आणि मीठ इतकं की डोळ्यांत पाणी आलं. भाभींचे मालक उस्मानचाचा समोर बसून मुकाट्याने जेवत होते. दोन्ही मुलं जेवत होती. कुणीच काही म्हणेना. मी म्हटलं, "भाभी, मीठ लय झालं." माझ्या वऱ्हाडी हेलाला गल्लीतली पोरं हसायची, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. भाभींनी उस्मानचाचांकडे पाहिलं. "रोजच असं असतं?" चाचा ताटातच बघत राहिले. "मग बोलत का नाही तुम्ही कुणी?" त्यानंतर रोज भाजी उतरवायच्या आधी भाभी हाक मारायच्या, "इंदू, जरा मीठ बघून जा." मी बाळूला घेऊन जायची, चमच्याने चाखायची आणि सांगायची. आत्याला कळलं तेव्हा ती पुण्यात कमावलेली शुद्ध भाषा विसरून गावच्या बोलीवर आली. "काऊन जाऊन राहिली तिकडं? लाज नाही का?" मी म्हटलं, "मीठ बघाले." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

आत्याला मी वाईट म्हणणार नाही. माझं पुस्तक तिनेच आणलं. तिच्या कारखान्यात शाळेची पुस्तकं बांधायची, आणि बांधताना चुकलेली प्रत टाकून द्यायची. दहावीच्या विज्ञानाची अशी एक प्रत तिने पदराखाली लपवून आणली. रसायनशास्त्राचा सगळा भाग त्यात उलटा बांधला होता. भौतिकशास्त्र वाचून झालं की पुस्तक उलटं धरायचं, मग आम्ल आणि आम्लारी, मग पुन्हा सरळ करून जीवशास्त्र. आत्या म्हणाली, "बाळू जूनपासून बालवाडीत जाईल. मग तुझं इथे काय काम? एक तर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बस, नाहीतर गावी जा. नुसतं बसून खाणारं माणूस मला परवडत नाही." हे बोलणं कडू होतं, पण त्यात एक दार होतं. बाहेरून दहावीला बसणाऱ्यांसाठी जवळच्या एका शाळेत संध्याकाळचे वर्ग चालायचे. तिथली रीत अशी की विज्ञानाच्या सरांनी शेरा दिल्याशिवाय फॉर्म पुढे जायचा नाही.

मी ते उलटं पुस्तक घेऊन भाभींच्या अंगणात बसायची आणि मोठ्याने वाचायची, कारण मनात वाचलं की मला काहीच कळायचं नाही. 'ज्या बदलात नवा पदार्थ तयार होतो, त्यास रासायनिक बदल म्हणतात.' भाभी हंडा ढवळता ढवळता म्हणाल्या, "म्हणजे?" मलाही माहीत नव्हतं. त्यांनी निळीच्या पिंपातून एक सुती धडपा वर काढला. तो निळा नव्हताच! पोपटी, पिवळट. "बघत राहा," म्हणाल्या. हवा लागली तसा कडेपासून तो हिरवा होत गेला, मग निळा, मग गडद निळा. "आता पाण्यात घाल, पीळ, उन्हात टाक. परत पिवळा होतो का बघ." नाही झाला. "आणि हे मीठ," त्यांनी मूठभर मीठ दुसऱ्या हंड्यात टाकलं, "हे विरघळलं. पाणी आटवलं की मीठ परत तळाशी. काय म्हणतं तुझं पुस्तक?" पुस्तक तेच म्हणत होतं, फक्त उलटं होऊन.

असं सगळं झालं. मिश्रण आणि संयुग झालं, विद्राव्य आणि अविद्राव्य झालं. 'आम्लारी स्पर्शाला बुळबुळीत असतात' हे वाचल्यावर भाभींनी माझी बोटं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून एकमेकांवर घासायला लावली. 'आम्ले चवीला आंबट असतात' यावर तर त्या हसल्याच. "हे छापायला कशाला हवं?" रेशमाच्या रंगाला हंड्यात थोडं तेजाब, म्हणजे आम्ल, लागतं, जास्त झालं तर रेशीम जातं, कमी झालं तर रंग धरत नाही. किती झालं ते भाभी कसं ओळखायच्या? करंगळी बुडवायची, जिभेच्या टोकाला लावायची, बाजूला थुंकायचं. "पुरे." त्यांच्या सासूबाई तसंच करायच्या, आणि त्यांच्याही सासूबाई. मी बघून बघून शिकले. आज लिहितानाही अंगावर काटा येतो, पण तेव्हा ते मला भाजीचं मीठ बघण्याइतकंच साधं वाटलं.

त्या दिवसांत लक्ष्मी रस्त्याच्या पलीकडच्या एक बाई तणतणत आल्या होत्या. त्यांची मोतिया रंगाची रेशमी साडी घरी साबणाने धुतली तर पदरावर लालभडक डाग उठला होता. "रंगवून दिलीत की कुंकवाचा करंडा सांडलात तिच्यावर?" भाभींनी डाग नाकाशी नेला. "हळदीकुंकवाला नेसली होतीत का, ताई?" बाई म्हणाल्या, "नेसण्यासाठीच घेतात साडी." भाभींनी लिंबाची फोड आणली आणि डागावर टेकवली. लाल होता तो क्षणात पिवळा झाला. "हळद आहे. साबण लागला की लाल, आंबट लागलं की पिवळी. उन्हात घाला, उडेल." बाई आभार न मानता गेल्या, पण साडी घडी घालून, जपून घेऊन गेल्या. भाभी मला म्हणाल्या, "एक लक्षात ठेव. रंग फिका होणं वेगळं आणि पालटणं वेगळं. गिऱ्हाईक दोन्हीला एकच म्हणतं, आपण म्हणायचं नाही."

वर्गात विज्ञान शिकवायला आगटे सर होते. काडीसारखे, शर्टाच्या खिशात दोन पेनं. सगळ्यांना 'आपण' म्हणायचे, आणि ते 'आपण' चपराकीसारखं लागायचं. फॉर्म द्यायची मुदत जवळ आली तेव्हा एका रविवारी सकाळी त्यांनी आम्हा दहाबारा जणांना प्रयोगशाळेत बोलावलं. प्रत्येकापुढे तीन परीक्षानळ्या, तिन्हींत पाण्यासारखं दिसणारं काहीतरी. एकीत आम्ल, एकीत आम्लारी, एकीत पाणी. ओळखा. लिटमसच्या चिठ्ठ्या पहिल्या बाकापासून वाटत आले, आणि मी शेवटच्या बाकावर. माझ्यापर्यंत येईतो चिठ्ठ्या संपल्या. सर कपाटात आणखी शोधायला वळले. मी घाबरलेली. सगळ्यांचं होईल, माझंच राहील, एवढं एकच डोक्यात. माझी करंगळी कधी नळीत गेली आणि कधी जिभेवर आली ते मला कळलंही नाही. कळलं ते एवढंच की ते आंबट होतं. "सर, हे आम्ल," मी म्हणाले आणि सवयीने बाजूला थुंकले.

सर वळले. आधी जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, ही प्रयोगशाळा आहे, भेळेची गाडी नव्हे." सगळे हसले. नळाखाली तोंड धुवायला लावलं, चूळ भरायला लावली, एकदा, दोनदा, दहादा. "कुणी शिकवलं हे आपल्याला?" मी सांगितलं. लपवावं असं मला वाटलंच नाही. "रंगाऱ्यांच्या गल्लीतलं विज्ञान रंगाऱ्यांच्या गल्लीतच राहू द्या. शेरा मिळणार नाही. या आता." चाखण्याबद्दल ते बोलले ते शंभर टक्के बरोबर होतं. पुढे मी स्वतः कॉलेजच्या पोरांना याच कारणासाठी प्रयोगशाळेबाहेर काढलं आहे, तोंडात पेन धरलं तरी काढलं आहे. पण गल्लीबद्दलचं वाक्य बरोबर नव्हतं. ते ऐकलं आणि माझी भीती गेली असं नाही. ती होतीच, तिच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं.

मला वाटलं भाभी चिडतील, सरांना शिव्या देतील. त्यांनी दांडकं हंड्याला टेकवून ठेवलं, उजेडात आल्या आणि जीभ बाहेर काढली. टोकाला पांढरट चट्टे, मध्ये गुळगुळीत, जुन्या पाट्यासारखी. "मिठाचं काय होतं ते कळलं आता? अठरा वर्षं झाली मला हे करताना. आंबट अजून कळतं, तेही जोरात असलं तर. बाकी काही नाही. तुझे सर बरोबर बोलले. मी तुला हे दाखवायला नको होतं." मी म्हटलं, "पण बाकीचं? निळीचं, मिठाचं, हळदीचं? ते काऊन गल्लीत ठेवायचं?" भाभींनी हात पदराला पुसले. मग आत जाऊन जुन्या धोतराचा पांढरा तुकडा आणला. "ते नको ठेवूस," म्हणाल्या.

त्या आठवड्यात आम्ही हळद वाटली. अख्खी, हळकुंडं फोडून, कारण तयार पुडीत काय काय असतं कोण जाणे. उकळून गाळली, धडपा बुडवला, सावलीत वाळवला, बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या. आत्या बघत होती. शनिवारी तिने कारखान्यातून जाड पुठ्ठ्याचा एक छोटा खोका आणला. "पट्ट्या त्यात ठेव. नाहीतर घामाने भिजवशील."

पुढच्या रविवारी मी न बोलावता गेले. सर एकटेच होते, नळ्या धूत होते. "आपलं आता काय राहिलंय?"

"तीन नळ्या, सर."

"लिटमस आपल्यावर वाया घालवणार नाही."

"नको. माझं आणलंय."

खोका उघडला. सरांनी एक पट्टी उचलून वास घेतला. "हळद. हे पुस्तकात आहे का?"

"आहे, सर. धड्याच्या शेवटी, बारीक अक्षरांत."

ते कपाटाआड गेले आणि तीन नळ्या भरून आणल्या. खोक्यातल्या पट्ट्या मी बाकावर ओळीने मांडल्या. पिवळी पट्टी पहिल्या नळीत: पिवळीच. दुसरीत: लाल. म्हणजे आम्लारी ही. आता त्याच नळीत आणखी दोन पट्ट्या लाल करून घेतल्या. लाल पट्टी पहिल्या नळीत: लालच राहिली. तिसरीत: पिवळी! "तिसरी आम्ल, पहिली पाणी," मी म्हणाले. जीभ दातांच्या मागे घट्ट धरली होती.

सर मान हलवतील असं वाटलं होतं. त्यांनी नळ्या उचलल्या आणि पुन्हा कपाटाआड गेले. पाण्याचा आवाज आला. नव्या तीन नळ्या. "एकदा जमलं तर योगायोग."

पिवळी पट्टी पहिलीत: पिवळी. दुसरीत: पिवळी. तिसरीत: पिवळी. म्हणजे आम्लारी नाहीच. माझ्याकडे आधीची, एकदा पाण्यात भिजलेली एक लाल पट्टी उरली होती. ती पहिल्या नळीत बुडवली आणि ती फिकी झाली. गुलाबीसर. दुसरीत तिचं दुसरं टोक बुडवलं, तेही तसंच. तिसरीत मधला भाग. तसंच. आम्ल आहे का हे? थोडं आहे का? सर हाताची घडी घालून बघत होते. तिन्हींत आम्ल म्हणू? एक तरी म्हणू? तोंडाशी आलं होतं. मग पट्टी उजेडाकडे धरली, भाभी गिऱ्हाइकाची साडी धरायच्या तशी. फिकी होती. पण पिवळी कुठेच नव्हती, दोऱ्याच्या टोकालाही नाही. फिका होणं वेगळं.

"सर, तिन्हींत पाणी आहे."

"खात्री आहे आपली?"

"आहे."

"मी कशाला तीन नळ्यांत पाणी भरीन? वेडा आहे का मी?"

"ते तुम्हाला माहीत, सर. पट्टी पाणी म्हणते."

बाहेर शाळेच्या पटांगणावर कुणीतरी पाण्याची बादली ओढत होतं. मग सरांनी तिन्ही नळ्या बेसिनमध्ये ओतल्या. "नळाचं आहे. महापालिकेचं," ते म्हणाले. "आज मात्र चाखायला हरकत नव्हती." खिशातलं पेन काढून माझ्या फॉर्मवर शेरा दिला. खाली आडव्या अक्षरांत लिहिलं: 'निरीक्षण उत्तम.' खोका बंद करून माझ्या हातात देताना विचारलं, "रंग पिळून निघू नये म्हणून काय घातलंत यात?" मी म्हटलं, "विचारून सांगते, सर." विचारून सांगितलंही. तुरटी.

फॉर्म घेऊन मी घरी न जाता आधी अंगणात गेले. भाभींनी तो उलटसुलट करून पाहिला, सरांच्या सहीवर बोट फिरवलं. मग विचारलं, "ते सर वाटतात तो कागद, बुडवला की सांगतो तो, महाग असतो का गं?" मला माहीत नव्हतं. "तू मोठी झालीस, कुठे तसल्या ठिकाणी लागलीस, तर एक मला आणून दे. जिभेला सुट्टी देईन म्हणते." मी म्हटलं, "एक काय, डबीभर आणीन."

दहावी झाले, मग नोकरीला लागले ती कोथरूडच्या एका कॉलेजात, नळ्या धुण्यापासून सुरुवात करून. लिटमसच्या चिठ्ठ्या मी हजारोंनी वाटल्या. त्या कॉलेजच्या होत्या, त्यांतली एकही मी घरी नेली नाही, आणि विकत घ्यायची तर दुकानाकडे माझा पाय वळत नसे. पट्टी घेऊन गेले आणि भाभींनी अजूनही करंगळीच बुडवलेली दिसली तर काय करू, ही भीती. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मग आत्या धायरीला राहायला गेली, त्या गल्लीत इमारती उठल्या, रंगकाम बंद पडलं. आता नातवाचा क्लास आहे, त्याच्या चकचकीत नोट्समध्ये तीन परीक्षानळ्यांचा तोच प्रश्न आहे. "आजी, तुला याचं उत्तर कसं येतं?" असं त्याने विचारलं, तेव्हा मी त्याला हमीदाभाभींचं नाव सांगितलं, त्याच्याकडून वहीत लिहून घेतलं, आणि चप्पल घालून त्यांचा पत्ता काढायला बाहेर पडले.

लोणी काळभोरला त्यांच्या धाकट्या मुलाचं घर आहे, त्या तिथे असतात, ऐकायला कमी येतं, असं कळलंय. लिटमसची डबी आणली आहे, निळी आणि तांबडी, दोन्ही. हंडा आता नसेल, तर भाभींच्या स्वयंपाकघरातल्या चिंचेच्या कोळात बुडवून दाखवीन, सोड्यात बुडवून दाखवीन, आणि भाजीचं मीठ मी बघीन. हे मी करणार आहे, भाभी. पुढच्या रविवारी, सकाळच्या बसने.